दहा किलोचं वजन

“हातानं नको उचलू, बाबा. कमरेनं झुलव.”

सोमाजीने वजन धाडकन अंगणात टाकलं. कोंबड्या फडफडत कुंपणापर्यंत पळाल्या.

“मले शिकवून राह्यली का तू? जल्मभर जाळं फेकलं म्या.”

“मंग आता काऊन नाई फेकत?”

याचं उत्तर म्हणून सोमाजीच्या तोंडात शिवी आली, पण ती पोरीसमोर देण्यासारखी नव्हती. त्याने ती गिळली आणि वजनाची कडी पुन्हा धरली.

दिवाळीच्या सुमारास तो तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, घसरला आणि त्याचा उजवा खांदा धरला गेला. हात कानाच्या वर जाईना. सदरा घालायलाही बायको लागायची आणि दर वेळी तिच्याच अंगावर तो खेकसायचा. चिमूरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, गोळ्या संपल्या, खांदा तसाच राहिला.

खांद्याचं दुखणं त्याने सोसलं असतं. भीती वाट्याची होती. गावातल्या ढिवरांच्या मासेमारी सोसायटीचा एक जुना नियम होता. वैशाखात तलावाचं पाणी उतरलं की सगळ्यांनी मिळून मासळी काढायची, आणि त्याआधी प्रत्येक सभासदाने पाळीवर उभं राहून आपलं जाळं एकदा फेकून दाखवायचं. जाळं उघडून पाण्यात पडलं की त्याचा वाटा वर्षभर कायम. नाही फेकलं, तर वाटा गेला आणि पाण्यात उतरायचा हक्कही गेला. गाव सोडून नागपुरात रिक्षा चालवणाऱ्यांनी गावातली मासळी फुकट खाऊ नये, म्हणून सोमाजीच्या बापानेच, रामाजीने, हा नियम केला होता. आता तोच नियम त्याच्या पोराच्या मानेवर बसला होता.

सोसायटीचा अध्यक्ष गुणवंतराव चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत बोलून गेला होता, “सोमाजीचा हात गेला, म्हंजे वाटा गेलाच समजा.” सोमाजी समोरच बसला होता. त्याने कप तिथेच पालथा घातला आणि निघून आला.

त्याच आठवड्यात त्याची पोरगी प्रेमिला चंद्रपूरहून परतली. पोलीस भरतीसाठी ती वर्षभर तिथे मावशीकडे राहून तयारी करत होती. पळण्यात, गोळाफेकीत ती पुढे होती, पण उंची मोजणाऱ्याने अर्ध्या सेंटिमीटरसाठी तिला पहिल्याच दारातून परत पाठवलं. त्यामुळे घरात आता दोन माणसं संतापलेली होती. भांडी आदळणं वाढलं होतं.

चंद्रपूरचे सर मुलींकडून आधी आसनं करून घेत आणि मग कडीचं वजन दोन पायांमधून झुलवायला लावत. ते म्हणत, नुसती ताकद कमावली तर अंग लाकूड होतं आणि नुसतं वाकायला शिकलं तर चिंधी. प्रेमिलाने बापाचा खांदा पाहिला आणि त्याच्या खाटेखालून दहा किलोचं लोखंडी वजन पायाने बाहेर ओढलं.

“पाय नको लावू त्याले,” सोमाजी ओरडला.

ते वजन रामाजीने चिमूरच्या बाजारातून पदरच्या पैशाने आणलेलं. वर्षभर ते घरी असायचं, दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं आणि मासळीच्या दिवशी ते सोसायटीच्या ताजव्यात, तराजूच्या पारड्यात, बसायचं. प्रेमिला खाली वाकली, वजनाच्या पाया पडली आणि म्हणाली, “आता तरी उचल.”

पण पहिले काही दिवस नुसती आसनंच झाली. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, मग पालथं पडून छाती उचलायची. सोमाजीला या सगळ्याची लाज वाटायची. शेजारचा मुखरू कुंपणावरून बघायचा. तो सोसायटीचा ताजवा धरायचा.

“साप झालो, डोंगर झालो,” सोमाजी कुरकुरला. “ढिवराले मासा काऊन नाई बनवत?”

“मासा बी हाये. पुढच्या हप्त्यात.”

मग वजन आलं. आधी डाव्या हाताने, मग दोन्ही हातांनी, मग एकट्या उजव्याने. ते पायांमधून मागे न्यायचं आणि कमरेच्या झटक्याने पुढे सोडायचं. एका सकाळी ते छातीपर्यंत आपोआप आलं, तेव्हा सोमाजी थबकला. जाळं फेकताना अंगातून जे जातं तेच आत्ता गेलं होतं. इतकी वर्षं आपण हेच करत होतो आणि पोरीने सांगेपर्यंत आपल्याला कळलं नाही, याचाही त्याला राग आला. पण त्या दिवशी त्याने सदरा स्वतः घातला. बायको चुलीपाशी जाऊन डोळे पुसून आली.

मासळीच्या दिवशी पाळीवर गाव जमलं. गुणवंतराव खुर्ची टाकून बसला होता. त्याचं जाळं त्याच्या पुतण्याने, खुशालने, फेकलं. ते अर्धवट उघडलं. “चालते,” गुणवंतराव म्हणाला, आणि ते चाललं.

सोमाजीचा नंबर आला. त्याने जाळं कोपरावर घेतलं, कडेचे शिशाचे मणी सारखे केले, कमरेतून मागे वळला आणि सोडलं. जाळं पूर्ण गोल उघडून पाण्यावर बसलं.

“वारा होता,” गुणवंतराव म्हणाला. “वाऱ्यानं उघडलं. पुन्हा फेक.”

“बाकीच्यायनं एकदाच फेकलं.”

“बाकीच्यायचे हात धड हायेत.”

सोमाजीने मुखरूकडे पाहिलं. मुखरूने ताजव्याकडे पाहिलं. सोमाजीने जाळं ओढलं, ओलं जाळं दुपटीने जड झालं होतं, आणि पुन्हा फेकलं. पुन्हा उघडलं.

“अजून एकदा. म्हंजे कोनाची शंका नको.”

“मी फेकीन बाबाकडून,” प्रेमिला पुढे आली. “तुमचं तं खुशालनं फेकलं.”

“बाईचं जाळं चालत नाई,” गुणवंतराव म्हणाला, आणि माणसं हसली. ज्यांना सोमाजीने पोहायला शिकवलं होतं तेही हसले.

तिसऱ्या वेळी हात वर गेला आणि खांद्यात काहीतरी चमकलं. जाळं गोळा होऊन काठाशीच पडलं. लहान पोरं फेकतात तसं.

“झालं,” गुणवंतराव म्हणाला. “नियम तुह्या बापाचाच हाये, सोमाजी.”

माणसं पाण्यात उतरली. सोमाजी काठावर बसून राहिला. त्याच्या हातापायांत राग भरला होता. या सगळ्यांची डोकी त्याच गढूळ पाण्यात बुडवावीत असं त्याला वाटत होतं, आणि तो बसून होता. दुपारपर्यंत रोहू आणि मरळीचा ढीग लागला. मुखरूने ताजवा टांगला. एका पारड्यात मासे, दुसऱ्यात दहा किलोचं वजन, असे वाटे पडू लागले.

सोमाजी उठला. सरळ ताजव्यापाशी गेला आणि त्याने पारड्यातून वजन उचललं. मासळीचं पारडं धपकन चिखलावर आदळलं. दोन रोहू उडून बाहेर पडले.

“हे काय करून राह्यला?” गुणवंतराव उभा राहिला.

“वजन माह्या बापाचं हाये,” सोमाजी म्हणाला. “नियम तुमी ठेवा.”

कोणी अडवलं नाही. तो पाळीवरून घरी निघाला. वजन उजव्या हातात होतं. खांदा ठणकत होता, पण त्याने हात बदलला नाही. मागून प्रेमिला ओलं जाळं घेऊन येत होती. तिला रडायचं होतं, पण बाप समोर असा चालत असताना ते जमेना.

सांजेला मुखरू रिकामं पोतं घेऊन कुंपणाशी आला. जाळं तिथेच वाळत होतं. ते आता कोणत्या पाण्यात पडणार होतं, कोणाला ठाऊक नव्हतं.

“सोमाजीभाऊ, वजन देता का? लहान वजनं लावून वाटे जुळून नाई राह्यले. मासा खराब होऊन राह्यला.”

सोमाजी अंगणात पाय फाकवून उभा होता. वजन डाव्या हातात, पायांमधून मागे जात होतं आणि पुढे येत होतं.

“नाई,” तो म्हणाला. “मले रोज लागते.”

मुखरू पोतं खांद्यावर टाकून गेला.

“कंबर,” ओसरीवरून प्रेमिला म्हणाली.

सोमाजीने या वेळी शिवी गिळली नाही, कारण ती आलीच नाही. त्याने कंबर मागे नेली.