बिनदोऱ्याची पाचर

थेंब पडला तो नेमका सातव्या डगल्याच्या पांढऱ्या कॉलरवर.

“मेलं ते छप्पर!” म्हणत टाकेबाईंनी डगला हिसकून बाजूला ओढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. नुसतं पाणी असतं तर वाळलं असतं. कौलांतून उतरलेला थेंब चहासारखा तांबूस होऊन यायचा आणि त्याचा डाग जाता जात नसे. बँडवाल्यांचे अठरा लाल डगले, सोनेरी बटणांचे. शनिवारी द्यायचे कबूल केले होते. शिवून झाले होते सहा.

खरं तर चूक त्यांचीच होती. गेली तीन वर्षं मशीन स्वयंपाकघराच्या दाराशी, अंधारात होतं, कारण खिडकीपाशी गळायचं. तिथे बादली असायची. पण आज आभाळ भरलेलं, सुईच्या नाकात दोरा ओवता ओवेना, म्हणून त्यांनी बादली पायाने सरकवून मशीन उजेडात आणलं होतं. छपराने लगेच त्यांना त्यांची जागा दाखवली.

टाकेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या कपड्यांना त्यांनी टाके घातले, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं ते कायमचंच. वय एकसष्ट. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. मूलबाळ नाही, पण तसं कुणी म्हटलं तर त्या फणकारायच्या, “नाही कसं? धाकटा आहे की!” धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा, या बारा वर्षांच्या. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याच्या लग्नाचा कोट शिवण्यापर्यंत सगळं यांनीच केलं. आता तो बावन्न वर्षांचा होता, डोक्यावर टक्कल पडलं होतं, तरी रस्ता ओलांडताना त्या अजून त्याचा दंड धरायच्या.

आज चार वाजता धाकटा कागद घेऊन येणार होता. घर दोघांच्या नावावर, म्हणून दोघांच्या सह्या लागणार होत्या. तीन वर्षांपूर्वी त्याने एकदा विषय काढला होता, “ताई, विकून टाकू या का? चांगलं गिऱ्हाईक आलंय.” त्या म्हणाल्या होत्या, “मी आहे तोवर नाही रे बाबा.” तो हसला होता. “बरं बाई, राहिलं.” पुन्हा म्हणून त्याने तोंडातून शब्द काढला नाही. भाऊ असावा तर असा, असं त्या चारचौघांत सांगत फिरल्या.

मग त्याच पावसात छप्पर गळायला लागलं.

धाकटा दर वेळी धावत यायचा. माळ्यावर चढायचा, ठोकठोक करायचा आणि खाली येऊन मान हलवायचा. “कौल बदललं ताई. पण वासेच कुजलेत, त्याला मी काय करू? तू मात्र माळ्यावर चढू नकोस हं. पाय टाकशील आणि सरळ खाली येशील.” त्यांनी ऐकलं नाही तर, म्हणून की काय, तो घरातली शिडीच आपल्याकडे घेऊन गेला. केवढी काळजी! आठ दिवसांपूर्वी एका सकाळी अंथरुणापर्यंत ओल आली, तेव्हा टाकेबाई हरल्या. छप्परच धरेना तर घर कसलं! “आण तुझे कागद,” म्हणाल्या. त्याच्या घराची मागची खोली त्यांना मिळणार होती. तिथे मशीनचा आवाज वहिनीला चालणार नव्हता, पण बघू, असं तो म्हणाला होता.

घर जाणार ते जाणारच. पण डगल्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? शनिवारपर्यंत तरी ते कोरडे राहायला हवे होते. टाकेबाईंनी पदर खोचला आणि समोर जाऊन चावीवाल्याच्या दुकानावर थाप मारली.

“शिडी द्या हो जरा.”

चावीवाल्याने कानस खाली ठेवली. “कशाला? स्वर्गात जायला?”

“तुम्ही आधी, वयाने मोठे आहात. मला माळ्यावर जायचंय.”

“आणि पडलात म्हणजे? तुमचा भाऊ मला जाब विचारेल.” पण तो उठला आणि शिडी खांद्यावर घेत म्हणाला, “पण आता काय राहिलंय वर? परवाच तर नेली होती त्याने शिडी. तुम्ही कापड आणायला गेला होतात. आला, आपल्या किल्लीने उघडलं, अर्ध्या तासात परत आणून दिली.”

“आला होता? मला बोलला नाही.”

“गुपचूप काम करणारा माणूस. हल्ली असे राहिलेत कुठे!”

टाकेबाईंचा ऊर भरून आला. सह्या व्हायच्या असल्या तरी बहिणीला चार दिवस ओल लागू नये म्हणून पोरगं येऊन गेलं, आणि आपण सकाळपासून छपराला शिव्या घालतोय!

पाऊस थांबला होता. चावीवाल्याने शिडी लावली आणि खाली घट्ट धरून उभा राहिला. टाकेबाई चढल्या. छपराची त्यांना भीती नव्हती. त्यांचे वडील कौलं शाकारायचे, म्हणजे जुनी कौलं उतरवून नीट बसवून द्यायचे. त्यांचं सगळं आयुष्य लोकांच्या छपरांवर गेलं. हे घर त्यांनी स्वतःच्या हाताने शाकारलं होतं आणि दोन्ही पोरांना हाताखाली घेऊन काम शिकवलं होतं.

माळ्यावर वाकून उभ्या राहताच त्यांनी सवयीने एप्रनच्या खिशातली कात्री काढली आणि जवळच्या वाशात टोचली. टोक आत जाईना. दुसऱ्या वाशात टोचली, तिसऱ्यात टोचली. लाकूड दगडासारखं होतं.

“कुजलेत का हो?” खालून चावीवाला ओरडला.

“हे नाहीत. पुढचे असतील,” त्या म्हणाल्या.

पुढचेही नव्हते. मग त्यांनी वडिलांनी शिकवलं होतं तसं केलं. जिथे गळतं तिथे भोक शोधायचं नाही. पाणी वाशावरून चालत येतं आणि भलतीकडे टपकतं. अंधारात बसायचं, डोळे स्थिरावू द्यायचे आणि उजेड कुठून येतो ते बघायचं. त्या गुडघे मोडून बसल्या. थोड्या वेळाने वर, पार आढ्याजवळ, उजेडाची एक बारीक फट दिसली. खिडकीपासून चांगली सहा हात लांब.

रांगत तिथवर पोचल्यावर त्यांना फटीचं कारण दिसलं आणि त्या मोठ्याने हसल्या. कौल आणि रीप, म्हणजे कौल टेकतं ती आडवी लाकडी पट्टी, यांच्यामध्ये एक पाचर होती!

“काय झालं?”

“अहो, गाढव आहे आमचं ध्यान! पाचर विसरलाय!”

कौल बदलायचं तर वरचं कौल थोडं उचलून धरावं लागतं. त्यासाठी वडील लाकडाची पाचर रिपेवर सारायचे. काम झालं की पाचर काढायची आणि कौल परत बसवायचं. पाचर राहिली तर कौल उचललेलं राहतं आणि वाऱ्याबरोबर पाणी आत येतं. म्हणून वडिलांच्या प्रत्येक पाचरीच्या जाड टोकाला खाच असायची आणि खाचेत लाल दोरा बांधलेला. दोरा खाली लोंबायचा, विसरलेली पाचर लगेच दिसायची. “पाचरी मोजल्या का?” हे छपरावरून उतरताना वडिलांचं शेवटचं वाक्य. आणि धाकटा दर खेपेला एखादी विसरायचा. मग वडिलांचा हात उठायच्या आत ताई माकडासारखी वर चढायची, पाचर काढून ओच्यात लपवायची आणि खाली येऊन म्हणायची, “बाबा, मोजल्या. पुऱ्या आहेत.” किती मार वाचवला होता त्याचा! पन्नाशी उलटली तरी तीच चूक, वेंधळा कुठला! टाकेबाईंनी लाडाने मान हलवली आणि पाचर धरून ओढली.

पाचर हलली नाही.

पुन्हा ओढली. मग त्यांनी चेहरा जवळ नेऊन बघितलं. पाचरीच्या मधोमध खिळा होता. पाचर खिळ्याने रिपेवर ठोकून बसवली होती. खिळ्याचं डोकं नवं, चकचकीत होतं. शेजारी रिपेत आणखी दोन भोकं होती, जुन्या खिळ्यांची, गंजाने कडा काळ्या पडलेली. एक मागच्या वर्षाचं, एक त्याच्या मागच्या.

विसरलेल्या पाचरीला कुणी खिळा मारत नाही.

तरी टाकेबाईंचं मन मानेना. गिऱ्हाइकाने कुणाला तरी पाठवलं असेल, दुसऱ्याच कुणाचं काम असेल, असं त्या स्वतःला समजावू लागल्या. पण त्यांची बोटं त्यांच्या आधी जाड टोकाकडे गेली होती. तिथे खाच होती. वडील पाडायचे तशी, तिरपी. त्यांच्याखेरीज अशी खाच पाडणारा आता जगात एकच माणूस उरला होता. हाताने सवयीने खाच पाडली होती. दोरा मात्र बांधला नव्हता.

रिकाम्या खाचेवरून अंगठा फिरवत त्या मनातल्या मनात धाकट्याशी बोलू लागल्या. घर मागितलं असतंस, भांडला असतास, चार लोकांत ओरडला असतास तरी चाललं असतं रे. कोर्टात खेचलं असतंस तरी मी तुझ्यासाठी डबा घेऊन आले असते. पण बाबांनी शिकवलेल्या हाताने बाबांचंच छप्पर फोडलंस, आणि वर मलाच सांगत राहिलास, जप हं ताई, पडशील. केसाने गळा कापलास माझा. त्या ओल्या अंथरुणावर बसून मी तुझीच कीव करत होते, किती धावपळ होते म्हणून.

“टाकेबाई? अहो, ठीक आहात ना?”

“आहे.” आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. “जंबूर आहे का तुमच्याकडे? जरा आणून द्या.”

“जंबूर कशाला? पाचर तर नुसती ओढली की निघते ना?”

“फुगलीय पाण्याने,” त्या म्हणाल्या. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती आणि त्या अजून धाकट्याला पाठीशी घालत होत्या.

जंबुराने खिळा निघायला वेळ लागला नाही. पाचर सुटली तसं वरचं कौल खटकन खाली आलं. खालच्या कौलाची कड फुटली होती. माळ्याच्या कोपऱ्यात वडिलांनी जास्तीची म्हणून रचून ठेवलेली कौलं होती. त्यांतलं एक त्यांनी घेतलं, टिचकी मारून वाजवून बघितलं, फुटकं आत ओढून काढलं. त्या चौकोनी भोकातून त्यांचं डोकं घटकाभर बाहेर आलं. समोर ओली छपरं, वाळत घातलेली चादर, सायकल हातात धरून चाललेला पोस्टमन. लहानपणी त्यांना गल्ली अशीच वरून दिसायची. मग त्यांनी नवं कौल सरकवलं, कड कडेत बसवली आणि उजेड बंद झाला. अर्ध्या तासाचं काम. तीन वर्षं त्या अंधारात शिवत होत्या.

खाली आल्यावर चावीवाल्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि न विचारताच शिडी घेऊन गेला. भला माणूस.

चारच्या सुमारास पाऊस पुन्हा कोसळू लागला आणि त्यातच धाकटा आला. छत्री दाराशी टेकवली, कागदांची पिशवी शर्टाआडून काढली.

“काय पाऊस गं ताई! म्हटलं, तुझ्या घराचा आज तलाव झाला असेल.”

“बस,” टाकेबाई म्हणाल्या. त्या मशीनवर होत्या. मशीन खिडकीपाशी होतं आणि त्यांच्या पायाशी बादली.

“इथे कशाला बसलीस? डगले भिजतील ना!”

“बघू.”

तो बसला. टेबलावर कागद मांडले, पेन काढलं, टोपण उघडून ठेवलं. टाकेबाई नववा डगला शिवत राहिल्या. छपरावर पाऊस ताशासारखा वाजत होता. धाकट्याने वर बघितलं, मग बादलीकडे, मग पुन्हा वर. मशीन थांबलं. आता नुसता पाऊस. तो कान देऊन बसला होता, हे त्यांना दिसत होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली.

“कशाची वाट बघतोयस?” त्यांनी विचारलं.

“मी? कुठे काय. म्हटलं... आज गळत नाही वाटतं?”

“बघ ना बादलीत, किती आलंय.”

तो उठला, वाकला. बादलीत पाणी नव्हतं. तळाशी पाचर होती, तिच्यात नवा खिळा, आणि जाड टोकाच्या खाचेत डगल्यांचाच लाल दोरा, दोन पदरी, घट्ट गाठ मारून.

“दोरा राहिला होता तुझा,” टाकेबाई म्हणाल्या. “मी बांधला.”

तो वाकलेलाच राहिला. कान लालबुंद झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. “ताई, ते... तू ऐकतच नव्हतीस गं. मला वाटलं, गळायला लागलं की आपणहून येशील. तुला काही होऊ नये म्हणून तर शिडी...”

“पुन्हा मागितलं असतंस तर आणखी एकदा नाही म्हटलं असतं. मग कदाचित हो म्हटलं असतं. पण तू मला विचारलं नाहीस.” त्यांचा आवाज फुटला आणि त्यांनी तो फुटू दिला. “तुझा मार मी माझ्या ओच्यात लपवला रे. आणि तू माझ्याच डोक्यावर खिळा ठोकलास.”

तो रडला. खरंच रडला, तेही त्यांना बघवेना. पण या खेपेला त्या उठल्या नाहीत, पदर पुढे केला नाही. थोड्या वेळाने त्याने कागद गोळा केले, शर्टाआड सारले आणि दाराशी गेला.

“घरातली शिडी आणून ठेव,” त्या म्हणाल्या. “आणि किल्ली टेबलावर.”

किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. धाकटा गेला. छत्री दाराशीच राहिली. विसरणं काही त्याचं सुटायचं नाही. टाकेबाई छत्री घेऊन अर्ध्या उठल्या, त्याला हाक मारायला तोंडही उघडलं. गल्लीच्या टोकाला तो भिजत, रस्ता ओलांडण्यासाठी थांबला होता. त्या तशाच परत बसल्या.

संध्याकाळपर्यंत पाऊस पडत होता. आत एक थेंब आला नाही. नववा डगला झाला, दहावा मशीनवर चढला, खिडकीशी चांगला उजेड होता. अधूनमधून मशीन थांबवून त्या वर बघत आणि कान देत. बादली त्यांनी तिथून हलवली नाही.