न बोलता वाजलेलं दार

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली ती मुलगी भारी शिस्तीची. वर्गात सगळे तिला 'नियमावली' म्हणून चिडवत. त्या दिवशी मात्र ती कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंसमोर बसली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, त्या घरात काहीतरी भयंकर चाललंय. परदेशातून आलेली आई आणि तिची लहान मुलगी. मुलगी शाळेत येईना म्हणून शाळेने मला पाठवलं. मी दार वाजवलं की आतली भांडी वाजायची थांबतात. कुणीतरी दाराला चिकटून श्वास घेत असतं, पण दार काही उघडत नाही. काल तर आतून टेबल सरकवून दाराला लावलं. मुलीला आजच बालगृहात हलवायला हवं."

"दार वाजवून तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून गप्प उभं राहायचं, असंच शिकवलंय ना?"

"मीच शिकवलंय," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना एकच माप लावून. चल, मुलीला आईपासून तोडण्याआधी विचारून तरी बघू."

भरदुपारीही जिन्यात अंधार होता. तिने दार वाजवलं. आतला नळ बंद झाला. दाराखालच्या फटीत दोन सावल्या येऊन थांबल्या, एक मोठी, एक लहान. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. बाईंनी तिला कोपराने ढोसलं.

"मी... मी समाजकार्याची विद्यार्थिनी," ती कशीबशी म्हणाली. "तुमच्याकडे दारात आल्यावर काय करतात? मला माहीत नाही हो."

मोठी सावली दाराजवळ सरकली. मग दारापलीकडून, अगदी कानाशी, आईचा कापरा आवाज आला.

"बोलतात. जिवंत माणूस बोलतो. न बोलता दार वाजवतं ते न्यायला आलेलं असतं. माझ्या नवऱ्यानं उघडलं होतं. तो परत आला नाही. आता ते इथंही येतंय. पोरीला ताप आला म्हणून घरी ठेवली होती, तो कधीच उतरला, पण तिला बाहेर कशी सोडू?"

विद्यार्थिनीला एकदम उमगलं. त्या मायलेकी ज्याला घाबरून कोंडून बसल्या होत्या, ते भूत तीच होती!

"ती मी होते, ताई," तिला रडू आवरेना. "चुकलं माझं."

टेबल सरकलं. दार बोटभर उघडलं आणि फटीतून एका लहान डोळ्याने तिला न्याहाळलं.

"आई, ही रडतेय. माणूस आहे."

बालगृहाचा विषय तिथेच संपला. वाचकहो, आपल्याहून वेगळ्या माणसांची सेवा करायला निघताना चांगलं मन सोबत असावंच, पण तेवढ्याने भागत नाही. आधी त्यांना विचारावं. नाहीतर मदतीला आलेल्या आपल्या हाताची थाप आणि न्यायला आलेल्या हाताची थाप, दाराआड बसलेल्याला सारखीच ऐकू येते.