नोहाचा धाकटा

मास्तरांनी फळ्यावर नोहाच्या तिन्ही मुलांची नावं लिहिली आणि हामच्या नावाखाली रेघ ओढली. रविवारची उपासना आटोपली होती. प्रार्थनागृहामागच्या खोलीत शास्त्राच्या वर्गाला नेहमीची मंडळी बसली होती. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला जलप्रलय मागच्या खेपेला संपला होता. आज त्याच्या पुढचा अवघड भाग होता. नोहाने द्राक्षमळा लावला, तो दारू प्याला आणि तंबूत उघडाच पडून राहिला. धाकट्या हामने ते पाहिलं आणि बाहेर येऊन भावांना सांगितलं. ते दोघे वस्त्र घेऊन पाठमोरे आत गेले आणि बापाकडे न बघता त्यांनी त्याला झाकलं. शुद्धीवर आल्यावर नोहाने शाप दिला, तोही हामला नाही, हामच्या मुलाला.

मास्तर शाळेत गणित शिकवत. तास उत्तरानेच संपला पाहिजे, ही त्यांची सवय इथेही होती. बापाची लाज झाकतो तो खरा मुलगा, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि पुस्तक मिटलं.

पुढे बसलेल्या दुकानदाराने विचारलं की, मग शाप नातवाला का? मास्तरांकडे त्याची दोन-चार स्पष्टीकरणं होती. ती सगळी ऐकून दुकानदाराने मान डोलावली, पण त्याला काही पटलेलं दिसलं नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकीने हात वर केला. लग्न होऊन ती नुकतीच या मंडळीत आली होती.

"हामने सांगितलंच नसतं, तर त्या दोघांना कळलं कसं असतं?"

कुणीतरी खाकरलं. मास्तर बोटांत खडू फिरवत राहिले.

"म्हणजे," ती जरा बावरली, "म्हातारा तसाच गारठ्यात पडून राहिला असता ना."

बाकीचे खाली बघू लागले. तिला ठाऊक नव्हतं, त्यांना होतं. मास्तरांचे वडील इथलेच पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू होते, आणि ते पीत. मास्तरांनी तरुणपणी ते जिवापाड झाकलं होतं. रिकाम्या बाटल्या लांब नेऊन टाकल्या होत्या, पाळकसाहेबांना ताप आहे म्हणून दारातूनच माणसं परतवली होती. मग एक दिवस धाकटा भाऊ उठला आणि त्याने मंडळीच्या पंचांना सगळं सांगून टाकलं. वडिलांचं पाळकपद गेलं. त्यांच्यावर उपचार झाले, आणि पुढे त्यांनी दारूला कधी शिवलंही नाही. पण मास्तरांनी भावाशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, ते आजतागायत.

"पुढच्या रविवारी बघू," मास्तर म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी तो भाग पुन्हा वाचला. हाम हसला असेल, बापाची टवाळी केली असेल, असं ते आजवर धरून चालले होते, तसंच शिकवतही आले होते. आता शोधू गेले तर तसं कुठे लिहिलेलंच नव्हतं. त्याने पाहिलं आणि सांगितलं, एवढंच. मास्तरांनी टीकाग्रंथ काढले. एक म्हणत होता, पाहणं हाच अपराध. दुसरा म्हणत होता, सांगणं. तिसरा म्हणत होता, यात काहीतरी मोठं असणार, ते इथे सांगितलेलं नाही. मास्तरांचं डोकं चालेना. बायको जेवायला बोलवून गेली, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

सोमवारी सकाळी धाकट्याचा फोन आला. तो पाण्याचा टँकर चालवायचा आणि एकटाच राहायचा. म्हातारपणी वडील त्याच्याकडेच होते. टँकरवरून उतरताना तो पडला होता आणि हाताला प्लास्टर घातलं होतं. बाबांना अंघोळ घालायला कुणी नाही, असं तो अडखळत म्हणाला. येशील का, असं त्याने विचारलं नाही. मास्तरांनी शाळेत रजा कळवली.

वडील न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. हल्ली त्यांना माणसं नीट ओळखू येत नसत. धाकट्याने पाणी किती गरम हवं ते सांगितलं, मलमाची डबी दाखवली आणि तो औषधं आणायला खाली उतरला.

मास्तर नळाकडे बघत पाणी ओतू लागले. पाणी वडिलांच्या कानात गेलं, साबण हातातून निसटून मोरीशी गेला. मग वडील म्हणाले,

"छोट्या, पाठ राहिली."

हे धाकट्याचं घरातलं नाव. मास्तर पाठीमागे गेले. कमरेच्या खाली कातडी लाल होऊन सोलवटली होती. मलम तिथे लावायचं होतं, आणि न बघता ते लावता येण्यासारखं नव्हतं. ते गुडघे टेकून बसले. जखम बरी होत आली होती. कडेने नवी, गुलाबी कातडी धरली होती; रोज कुणीतरी ती निगुतीने पुसत होतं, हे दिसत होतं. मास्तरांनी जखम टिपून घेतली, बोटावर मलम घेऊन ते हलकेच पसरलं. वडील निवांत बसले होते, जरा पुढे वाकून, मास्तरांना सोयीचं पडेल असे.

मास्तरांना वाटलं, आता सांगावं. ते समोर आले.

"बाबा, मी आहे. थोरला."

वडिलांचे दोन्ही हात एकदम मांडीवर आले. त्यांनी खुंटीवरचा पंचा ओढला, तो गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत घट्ट धरला आणि ते दाराकडे बघू लागले.

"थोरला आलाय?" ते हळू आवाजात म्हणाले. "त्याला आत येऊ देऊ नको, छोट्या. त्याला बघवत नाही."

पंचा भिजून अंगाला चिकटत चालला होता. मास्तरांनी हात लांब करून दाराला कडी घातली.

"कुणी नाही, बाबा," ते म्हणाले. "मीच आहे. छोट्या."

वडिलांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हळूहळू त्यांची मूठ सैल झाली, पंचा खाली घसरला, आणि अंग पुसता यावं म्हणून त्यांनी एक हात वर केला.