मागच्या गाडीतली आत्या

कोणत्याही सहलीला एक माणूस असं लागतंच, जे खाली बसून सगळ्यांच्या चपला सांभाळतं. इंझोरीच्या इंद्रभानच्या घरात हे माणूस शोधावं लागत नसे. थैल्या खाली टेकल्या की सगळे भागिरथाकडं बघत, आणि भागिरथाही पदर खोचून एखादा सपाट दगड गाठत असे. घरचे सगळे मिळून अजिंठ्याला जाऊन आले होते. तिथली लेणी कशी आहेत असं तिला विचाराल, तर ती गाड्या लावायच्या जागेजवळच्या लिंबाच्या झाडाचं मोठं सुंदर वर्णन करील.

भागिरथा ही इंद्रभानची धाकटी बहीण. तरणी असतानाच नवऱ्यानं दुसरं घर केलं आणि ती माहेरी आली, ती कायमचीच. पुढं भावजय आजारानं गेली. प्रसेनजित आणि संघदीप ही भावाची दोन्ही पोरं तिच्याच हाताखाली मोठी झाली. थोरला प्रसेनजित आता पुण्यात नोकरीला, धाकटा संघदीप घरची शेती बघतो. घरात तिला कोणी कधी उणंदुणं बोललं नाही. लुगडं, चष्मा, गुडघ्याची गोळी, सगळं वेळच्या वेळी. फक्त तिच्याशी कोणी बोललं की त्या बोलण्यात एखादी वस्तू असायची. आत्या, टॉवेल. आत्या, चहा. आत्या, माझा चार्जर पाह्यला का? वस्तू सापडली की बोलणंही संपायचं.

यंदा प्रसेनजित बायकापोरांना घेऊन सुट्टीवर आला, आणि धबधब्याला जायचं ठरलं. अनसिंगच्या पुढं डोंगरात पायरधार म्हणून एक धबधबा आहे. पूर्वी तिथं फक्त गुराखी जात. मग कोणीतरी मोबाईलवर त्याची रील टाकली, आणि आता रविवारी तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही. पाणी एकदम कोसळत नाही. रुंद रुंद खडकांवरून पायरीपायरीनं खाली येतं. लोक एकमेकांचे हात धरून, लांब साखळी करून, त्या पाण्यातूनच वर चढतात. खाली भजी, कणसं, मोबाईल घालायच्या प्लास्टिकच्या पिशव्या, असा सगळा बाजार.

दोन गाड्या निघाल्या. पुढं प्रसेनजितची कार, तिच्यात पुढच्या सीटवर इंद्रभान; मागं फुलचंदची भाड्याची क्रुझर. क्रुझरमध्ये संघदीप, त्याचे सासरचे लोक, स्वयंपाकाची गंज-भगुनी आणि भागिरथा. निघताना प्रसेनजितची बायको पल्लवी कारच्या खिडकीतून म्हणाली, "आत्या, येताना तुम्ही आमच्या गाडीत बसा हं. एसीत." पल्लवी अकोल्याची, पुण्यात राहून तिच्या 'मले'चं 'मला' झालं होतं, पण मन चांगलं होतं. भागिरथाला फार बरं वाटलं. एसीचं सोडा, कोणीतरी आपल्यासाठी जागा धरून ठेवली याचंच तिला सुख झालं. ही चांगली गोष्टच पुढं नडणार होती, हे तेव्हा कोणाला कळणार?

धबधब्यापाशी पोचल्याबरोबर सगळ्यांनी चपला काढल्या आणि भागिरथासमोर त्यांचा ढीग घातला. संघदीप म्हणाला, "आत्या, तू बस इथंच. वर घसरते." आणि सगळे हातात हात घालून, ओरडत, किंचाळत पाण्यात शिरले. इंद्रभानसुद्धा धोतर वर खोचून चढला.

भागिरथा दगडावर बसून बघत राहिली. तिच्याहून थकलेल्या बायका वर जात होत्या. एका म्हातारीला तर दोन नातवांनी दोन बाजूंनी जवळजवळ उचललंच होतं, आणि ती म्हातारी पोरीसारखी हसत होती. भागिरथाच्या मनात आलं, आपण का नाही? गुडघे दुखतात, पण ते दगडावर बसूनही दुखतातच की.

सगळे भिजून खाली आले. चपला घातल्या, कणसं खाल्ली, फोटो काढले. जेवण वाटेत, सडकेच्या कडेला आमराई होती तिथं करायचं ठरलं. सामानाची आवराआवर सुरू झाली. भागिरथा इंद्रभानजवळ गेली. तो कोणाशी तरी फोनवर सोयाबीनच्या फवारणीचं बोलत होता.

"दादा, मी वर जाऊन येतो. लवकर येतो."

"हाव, हाव," इंद्रभान म्हणाला. ते तिला होतं की फोनमधल्याला, देव जाणे.

तिनं आपल्या चपला दगडाजवळ ठेवल्या आणि पाण्यात पाय घातला. पाणी गार होतं आणि खडकावर शेवाळ. दोन पायऱ्यांतच तिची जिरली. परत फिरावं असं वाटत होतं, तेवढ्यात मागून बायकांचा एक घोळका आला. जऊळक्याचा बचतगट होता तो, सगळ्यांच्या साड्या एका रंगाच्या.

"बाई, एकट्याच हाय का?" त्यातली एक जाडजूड बाई म्हणाली. "धरा हात. मी मनकर्णा. मी पडली तं तुमी बी पडसान, पण मजा येईन."

भागिरथानं हात दिला. मनकर्णाबाईचा हात खरबरीत, ओला आणि गच्च होता. आपला हात असा कोणी कधी धरला होता, हे तिला काही केल्या आठवेना. हातातून गोळी घेतात, ताट घेतात, पोर घेतात. नुसता हात कोणी घेत नाही. तिचे डोळे भरून आले. तोंडावर पाण्याचे शिंतोडे उडत असताना कोणाला दिसणार म्हणून तिनं ते भरू दिले.

पाणी पायांत शिरायचं, लुगडं ओढायचं. एके ठिकाणी तिचा पाय सटकला आणि सगळी साखळी हलली. बायका ओरडल्या, पण कोणी हात सोडला नाही. असं करत करत ती वर पोचली.

वर वारा होता. खाली सगळा मुलूख पसरलेला, सोयाबीनची हिरवी वावरं, मधून गेलेली सडक, आणि पायथ्याशी मुंग्यांएवढी माणसं. पण तिला आपली माणसं लगेच ओळखू आली. थोडा पाय ओढतो तो दादा. हात हलवत बोलतो तो संघदीप. पोराला काखेत मारून चाललीय ती पल्लवी. प्रसेनजित तर पाठमोरा असतानाही तिनं ओळखला. सगळे गाड्यांत बसत होते. ती बघत होती. दारं लागली. कार हलली. तिच्या मागं क्रुझर हलली.

"तुमचे लोकं कुठी हायेत?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"ते काय, चालले."

"बाप्पा! मंग बोंबला न! फोन लावा!"

फोन चोळीत होता, प्लास्टिकच्या पिशवीत. भागिरथानं तो बाहेर काढला. क्रुझरवाल्यांना वाटत असणार, आत्या एसीच्या गाडीत बसली. कारवाल्यांना वाटत असणार, आत्या नेहमीसारखी भगुन्यांजवळ आहे. एक फोन केला की काम होतं. पण तिचं बोट काही चालेना. एक हट्ट तिच्या मनात उभा राहिला, पोरीबाळींना शोभावा असा. आपण नाही करायचा. आपण गाडीत नाही, हे त्यांच्यापैकी कोणाच्या तरी लक्षात यायला पाहिजे. पहिल्यांदा कोणाला आठवण येते ते बघायचं. दादाला येईल. नाहीतर संघदीपला, तो लहानपणी तिच्याशिवाय झोपत नसे. कोणालाही येवो, पण यावी.

"करतीन ते," ती म्हणाली.

बायकांबरोबरच ती खाली उतरली. सकाळी जिथं चपलांचा ढीग होता, तिथं आता तिचा एकच जोड राहिला होता. मनकर्णाबाई म्हणाली, आमच्या टेम्पोत चला, पण त्यांची वाट दुसरी होती. भागिरथा एकटीच फाट्याकडं निघाली. हातात फोन. आता वाजेल, मग वाजेल. मध्ये एकदा तो बंद तर पडला नाही ना, म्हणून तिनं बटण दाबून पाहिलं. चांगला चालू होता.

फाटा दिसायला लागला आणि फोन वाजला. पल्लवी! भागिरथाचं काळीज एकदम वर आलं. तिनं फोन कानाला लावला.

"हॅलो, आत्या? आम्ही पोचलो आमराईत. लोणच्याची बरणी कोणत्या थैलीत आहे हो?"

भागिरथा सडकेवर उभी राहिली.

"आत्या? आवाज येतोय का?"

"हिरव्या थैलीत. खाली. फडक्यात गुंडाळली हाय."

"हां, सापडली. तुम्ही लोक कुठपर्यंत आलात? या लवकर, पोरं भुकेजलीत."

"येऊन राह्यलो," भागिरथा म्हणाली.

फोन बंद झाला. ती तिथंच मैलाच्या दगडावर बसली आणि रडली. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांतले लोक बघत होते, त्यांची तिला लाज वाटली नाही. घरातलं कोणी बघत नव्हतं, तेवढं पुरे होतं. मग एसटी आली. तिनं हात दाखवला.

आमराईच्या जरा पुढं बस थांबली. भागिरथा उतरून मागं चालत आली, झाडांतून वाट काढत. क्रुझरही येऊन थांबली होती, सतरंज्या अंथरल्या होत्या, पंगत बसत होती. तिला बघून कोणी दचकलं नाही.

"आल्या का आत्या? वरण घ्या ना वाढायला," पल्लवी म्हणाली.

"आत्या, कांदे कुठी ठेवले?" संघदीप म्हणाला.

तिनं पळी घेतली. पंगतीत तिचं ताट नव्हतंच, म्हणून ते रिकामं असल्याचंही कोणाला दिसलं नव्हतं. वाढणारी शेवटी बसते, ही त्या घराची रीत, आणि ती तिनंच पाडलेली. ती वाढत राहिली. मनातून तिला वाटत होतं, कोणीतरी म्हणेल, आत्या, तुझं लुगडं काहून वलं? लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं, काठाला शेवाळ लागलेलं. पण सगळेच भिजलेले. सगळ्यांचं जेवून झाल्यावर ती खाली उरलेलं वरण घेऊन बसली. लोणचं तिनं घेतलं नाही.

निघायची वेळ झाली. भागिरथा कारजवळ गेली. मागच्या सीटवर पोरं आडवी झाली होती, ओल्या कपड्यांचा ढीग पडला होता. पल्लवी अवघडून म्हणाली, "आत्या, आता क्रुझरमध्येच बसता का? तिकडूनच आलात ना तुम्ही, जागा असेल तुमची."

भागिरथा क्रुझरकडं आली. संघदीप दारातच बसला होता. "अवो, तू तं कारमधी आली न? त्यातच बस. इथं पाय ठेवाले जागा नाई."

ती दोन गाड्यांच्या मध्ये उभी राहिली. इकडंही गेली नाही, तिकडंही नाही.

"नाही हो भाऊजी," पल्लवीनं खिडकीतून मान काढली. "आमच्या गाडीत नव्हत्या आत्या."

"आमच्या बी नोती."

फुलचंदनं क्रुझर चालू केली होती. ती त्यानं बंद केली. आमराईत एकदम पाखरांचा आवाज मोठा झाला. कारच्या पुढच्या सीटवरून इंद्रभाननं वळून पाहिलं.

"मंग तू आली कशानं, भागिरथे?"

"येस्टीनं."

मग सगळे एकदम बोलायला लागले. असं कसं झालं, तू सांगितलं का नाही, काही झालं असतं तर. संघदीप तर तिच्यावरच चिडला. "अन् फोन काहून नाई केला मंग? फोन हाय न तुयाजवळ?"

"तुमचा येते का, ते पाहून राह्यली होती."

ती हे रागानं म्हणाली नाही. कांदे कुठं ठेवले ते सांगावं, तसंच म्हणाली. मग म्हणाली, "आला न एक. लोणच्यासाठी."

पल्लवीनं तोंडावर हात ठेवला आणि मान आत घेतली. इंद्रभान सीटवरून खाली उतरला. त्याचा चेहरा उतरला होता. "मले सांगलं होतं इनं," तो कोणाकडंही न बघता म्हणाला. "वर जातो म्हणे. मीच..." त्यानं दार धरून ठेवलं. "बस इथं." आणि तो जाऊन क्रुझरमध्ये, संघदीपच्या पायांशी, भगुन्यांजवळ बसला.

अशी भागिरथा आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या पुढच्या सीटवर बसली. वाटेत तिची फारच विचारपूस झाली. आत्या, काच वर करू का? आत्या, एसी लागतोय का? आत्या, पाणी घेता? गाणं लावू? पल्लवीनं तर तीनदा माफी मागितली, आणि प्रसेनजितनं घाटात गाडी इतकी हळू चालवली की मागून क्रुझर हॉर्न वाजवायला लागली.

वर जाऊन आलीस, वरून कसं दिसतं, एवढं मात्र कोणी विचारलं नाही. तिनं उत्तर तयार ठेवलं होतं. माणसं मुंग्यांएवढी होती बाप्पा, पण तुमी सगळे ओळखू आले, एकूणएक, पाठीवरून बी, असं ती सांगणार होती. अनसिंग मागं गेलं. इंझोरीचा रस्ता लागला. ती उत्तर तोंडात धरून बसून राहिली.