साठ टेराबाइट आणि गुरुवारचा केक

समुद्राच्या अभ्यासकांना लाटा मोजता येतात, वारे मोजता येतात, फक्त आपल्या फायली किती झाल्या ते मोजता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या आमच्या संस्थेत सगळ्यांची मिळून एकच मोठी डिस्क आहे. ती सांभाळणारी मी, ग्लेनिस. सांभाळणारी म्हणजे "जागा रिकामी करा रे" म्हणून अकरा वर्षं घसा कोरडा करणारी.

दुसऱ्याची फाइल पुसायचा अधिकार मला नाही. म्हणून मी एक दंड काढला. बुधवारी यादी लावायची. सगळ्यांत जास्त जागा अडवणाऱ्याने गुरुवारी दहाच्या चहाला केक आणायचा आणि वर शिव्या खायच्या. दोन महिने डिस्क चकाचक राहिली. मग नेव्हिल यादीत पहिला आला आणि तिथून हललाच नाही.

नेव्हिलला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण संस्थेतली खोली सुटली नाही आणि डिस्कवरचं खातंही. साठ टेराबाइट! दर गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून खोबऱ्यात घोळलेल्या लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन हजर. "लाज वाटते का, नेव्हिल?" "एवढ्या जागेत विमानतळ बांधतोस का?" सगळे तोंडसुख घ्यायचे आणि हा मिशीला खोबऱ्याचा कीस लावून हसत बसायचा.

एका बुधवारी सकाळीच सेमिसी माझ्या दारात उभा राहिला. टोंगाचा पोरगा, पीएचडीचं शेवटचं वर्ष. चक्रीवादळात त्याच्या बेटावर पाणी कुठवर चढेल, याचं गणित त्याला चालवायचं होतं. त्या गणिताला दोन दिवस लागणार होते आणि महासंगणकावर त्याला मिळालेले तास शुक्रवारी तिमाही संपताच बुडणार होते. जागा हवी होती चाळीस टेराबाइट. शिल्लक होती तीन.

"नेव्हिलला सांगितलंस?"

"त्यांना कसं सांगू? मोठे आहेत ते."

"अरे, म्हणून तर चढून बसलाय डोक्यावर!"

मी नेव्हिलच्या फायली काढून बघितल्या आणि माझं डोकंच फिरलं. एकाच जुन्या मोजणीच्या सहा प्रती! सहावी तर कालचीच. काल आमच्यातलीच रोझलिन यादीत त्याच्या पुढे जाऊ लागली होती, तेव्हा या बाबाने आणखी एक प्रत ठोकून दिली होती.

मी तरातरा त्याच्या खोलीत गेले. "नेव्हिल, तू मुद्दाम डिस्क भरतोस?"

त्याने आधी चष्मा पुसला. मग म्हणाला, "गुरुवारी केक नेला की वीस माणसं माझ्याशी बोलतात. नाव घेऊन बोलतात. बाकी सहा दिवस कुत्रं विचारत नाही, ग्लेनिस."

त्याचा गळा धरावा की त्याला जवळ घ्यावं, मला कळेना. म्हणून मी नियमच बदलला. "आजपासून ज्याची जागा सगळ्यांत कमी, केक त्याने आणायचा."

"मूळ प्रत बॅकअपच्या टेपवर आहे ना?" एवढंच त्याने विचारलं. आहे म्हटल्यावर गडी कामाला लागला. जे पुसावं म्हणून मी तीन वर्षं पत्रांवर पत्रं पाठवली, ते त्याने वीस मिनिटांत पुसून टाकलं. दुपारी सेमिसीचं गणित सुरू झालं.

बुधवारच्या यादीत नेव्हिल सगळ्यांत खाली. शून्य. गुरुवारी डबा घेऊन आला, पण आता त्याला बोलणार कशावरून? सगळे "थँक्यू हं" म्हणून तुकडा उचलून आपापल्या फोनमध्ये शिरले. नेव्हिलचा चेहरा पडला. नियम बदलताना एवढं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तेवढ्यात त्याच्याकडे बघत बसलेला सेमिसी उठला. मोठ्यांपुढे मान वर न करणारा पोरगा.

"ए म्हाताऱ्या!" त्याचा आवाज भीतीने चिरकला. "तीन वर्षं फुकट जागा अडवलीस, काल माझ्या तोंडचं पाणी पळवलंस, आणि आज साळसूदपणे केक वाटतोस? मोठा तुकडा इकडे आण. आणि पुढच्या गुरुवारी जास्त आण, माझं बोलून संपलेलं नाही."

नेव्हिल मिशीतल्या मिशीत हसला आणि खुर्ची सरकवून त्याला शेजारी जागा करून दिली.