पाळण्यातला रुपया

अंजूरला पुतळाबाईच्या अंगणात तीन गावं लोटली होती. ताटातला रुपया म्हणे आपोआप चालतो आणि मेलेल्याचा निरोप सांगतो! साल १९८७, घराघरात टीव्ही आलेला, तरी माणसं भिंतीवर चढून बघत होती.

रुपया पुतळाबाईचाच. तिचा लेक दत्तू जन्मला त्या पन्नास साली स्वतंत्र देशाचा पहिला रुपया निघाला. राजाचं मुंडकं जाऊन त्यावर सिंह आले. बापाने हौसेने तो बारशाला पाळण्यात ठेवला. आता दत्तू खाडीत बुडून तीन महिने झाले होते. म्हातारीला मात्र अजून ओट्यावर त्याची ओली पावलं वाजलेली ऐकू येत. ती दार उघडी, बाहेर कोणी नसे.

कोंडू भगत मांडीवर पितळी ताट घेऊन बसला होता, एक हात ताटाखालच्या उपरण्यात.

"आजचा रुपया ठेवा, मढ्यासारका पडंल! ह्यो राजाच्या तावडीतून सुटलेला पयला रुपया. सुटलेला जीव ह्याच्यातच बसतो. बोल दत्तू, तुला कोनी खाल्ला?"

रुपया थरथरला आणि सरकत सुनेकडे, चंपाकडे गेला. भगताला दुसरा कोंबडा नाकारणारी हीच.

"काडा हिला घराभायेर!" लोक ओरडले.

पुतळाबाईचं काळीज फाटलं. सून गुणाची होती, पण लेकाला खोटं कसं पाडायचं?

चंपाने ताटावर डोकं टेकलं. "आये, मी काय केला न्हाय!" तिच्या केसातला लोखंडी आकडा ताटात पडला, टुणकन उडून रुपयाला चिकटला आणि त्याच्याबरोबर चालू लागला.

म्हातारीने ते पाहिलं. गप्प बसली असती तर लेक आणखी भेटला असता.

"भगता," ती म्हणाली, "आकड्यात कोन मेलाय?"

तिने उपरणं ओढलं. भगताच्या तळव्याला जाडजूड लोहचुंबक बांधलेलं होतं.

नारपोलीत रेडिओ दुरुस्त करणारा हिरामण पुढे झाला. त्याने खिशातला रुपया चुंबकाला लावला, तो पडला. जुना लावला, तो चिकटला. "हा निव्वळ निकेलचा आहे, निकेलला चुंबक ओढतं. आताच्या रुपयात तांबं जास्त, म्हणून तो हलत नाही. बस, एवढीच करामत!"

भगताला एकाएकी घरची फार आठवण झाली.

पुतळाबाई मटकन खाली बसली. तिचा लेक आज दुसऱ्यांदा गेला होता. ती पोटभर रडली, मग चंपाला जवळ ओढून गर्दीला म्हणाली,

"माजा पोर गेला, तो आता बोलनार न्हाय. मेलेल्याचा नाव घेऊन जित्या बाईला मारू नका. कोनी चमत्कार दाखवला, तर पाया पडायच्या आदी त्याचा दुसरा हात बगा."