तांब्या, हवालदार आणि साजूक तूप

आमच्या घरात एक गुंठाही जमीन नव्हती. मी मोर्शीला पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर अमरावतीत दोन खोल्या घेतल्या. बायको बेबी मात्र शेतकऱ्याची लेक. अडतीस वर्षं ती शेत घ्या म्हणाली आणि अडतीस वर्षं मी पाहू म्हणालो. शेवटी बेबीनं कॉम्प्युटरमध्ये शेत घेतलं.

कॉम्प्युटर आणला होता आमच्या मुलीच्या, आरतीच्या शिक्षणासाठी. लग्न होऊन जाताना पोरीनं आईला शेतीचा एक गेम लावून दिला. त्यात परदेशी ट्रॅक्टर आणि सफरचंदाची झाडं. बेबीनं दोन दिवसांत नाक मुरडलं. तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी तनवीरचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं जाऊन तिनं सांगितलं की मला संत्र्याचा बगीचा आणि बैलजोडी पाहिजे. तो हसला नाही. म्हणाला, मोबाईलवर जे वाढतील तेच खावं लागतं, कॉम्प्युटरवर स्वयंपाक आपला. त्यानं कुठून कुठून फायली आणल्या, सफरचंदाची संत्री केली, ट्रॅक्टरच्या जागी बैल जुंपले. बेबीनं त्यांना आपल्या वडिलांच्या बैलांची नावं दिली, तांब्या आणि हवालदार. हवालदार भर रस्त्यात उभा राहायचा आणि हलायचा नाही, म्हणून ते नाव.

पुढे तिची बोटं आखडली, तर तनवीरनं सगळा कारभार दोन मोठ्या बटणांवर आणून दिला. नजर कमी झाली, तर कॉम्प्युटरचा डबा टीव्हीला जोडून दिला. दवाखान्यातून आली की आधी बैलांना चारा, मग माझा चहा. मी एकदा म्हटलं, बैल असतो तर बरं झालं असतं. ती म्हणाली, बैल काम करतात.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती खांदशेकणी करायची. बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकायचं आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. ती टीव्हीवर बोटानं दोन ठिपके लावायची, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' म्हणायची आणि माझ्या बनियननं काच पुसायची. पोळ्याला बैलांना गेममधला चारा, आणि त्यांच्या नावची पुरणपोळी मला.

यंदा माघात ती गेली. भेटायला आलेले लोक आत्मा अमर आहे असं सांगत माझा चिवडा खाऊन गेले. मी रोज कॉम्प्युटर लावून तिचं शेत पाहायचो. बैल गोठ्यात, संत्री पिकायला आलेली. बटणाला मात्र हात लावत नव्हतो. बैलांना चारा दिला की गेममध्ये दुसरा दिवस उजाडतो आणि आदला पुसला जातो. तो आदला दिवस तिच्या हातचा शेवटचा होता.

पोळा आला. आदल्या संध्याकाळी मी तूप-हळद गरम केली. मला वाटलं, टीव्हीवर नुसतं चित्र दिसतं, बैल राहतात ते खालच्या डब्यात. तीस वर्षं पंप सांभाळलेल्या माणसाचं हे डोकं. डब्याच्या वरच्या अंगाला जाळी असते. मी पळसाच्या पानानं दोन्ही बाजूंना व्यवस्थित शेक दिला आणि आवतण दिलं. आतून फट् झालं, पुरी तळल्यासारखा वास आला आणि टीव्ही काळा पडला.

जेवायला बोलावलेले पाहुणे आत कोंडले गेले. त्यांच्यासोबत तिचं सगळं शेतही.

तनवीर आता अकोल्याला असतो. पोळ्याच्या सकाळी बेबीचा भाऊ जानराव आपली गाडी घेऊन आला. त्यानं खरे बैल केव्हाच विकले. त्याच्याकडे पोळ्याला ट्रॅक्टर धुतात, त्यामुळे तो मोकळा होता. मी डबा मांडीवर घेऊन बसलो.

"भाऊजी," तो बडनेऱ्याला म्हणाला, "जित्या बैलाले तुमी कदी हात नाई लावला, अन् डब्याले तूप पाजलं."

मूर्तिजापूरपर्यंत तो हसत होता. मग त्यानं विचारलं, "बाईचं सारंच गेलं असन का?"

मी रुमालानं डब्याची जाळी पुसत राहिलो.

अकोल्यात तनवीरनं डबा उघडला आणि वास घेतला. "चाचा, साजूक आहे काय?"

"घरचं."

"मंग बरोबर. आपल्या मशीनले डालड्याची सवय."

त्यानं आतून एक चपटी डबी काढून पुसली. शेत या डबीत राहतं, म्हणाला, बाकीचं सगळं बदलता येतं. त्याच्या दुकानात पोरं स्टेअरिंग धरून ट्रक चालवण्याचा गेम खेळतात. त्या मशीनला त्यानं ती डबी जोडली. थोडा वेळ काहीच नाही. मग संत्र्याची झाडं आली, गोठा आला, तांब्या आला, हवालदार आला. जानरावनं डोक्यावरची टोपी काढली.

मी तनवीरला माझी अडचण सांगितली. आवतण दिलं आहे, चारा तर द्यायलाच हवा. पण बटण दाबलं की तिचा दिवस जातो.

"एवढंच?" तो म्हणाला. "नक्कल करून देतो. एक काकूचं शेत, तसंच राहीन. दुसरं तुमी करा."

दोन मिनिटांत झालं. जन्मभर एक गुंठा न घेतलेल्या माणसाकडे आता दोन शेतं होती.

मशीनला स्टेअरिंगच होतं, म्हणून मी स्टेअरिंगवर बैल हाकले. तांब्या सरळ गव्हाणीकडे गेला. हवालदार वाटेतच उभा राहिला.

"कावून थांबला हा?" मी विचारलं.

"बाबाचा आहे तो," जानराव म्हणाला. मग पुढे झाला आणि काचेवर, हवालदारच्या पाठीवर, हात ठेवला. "चाल लेका. बाई नाई येत आता."

हवालदार त्याच्या मर्जीनं, सावकाश निघाला. मी चाऱ्याचं बटण दाबलं. दोघं खाऊ लागले. शेतात अंधार झाला, पुन्हा उजाडलं. संत्री पिकली होती.

पिशवीतून मी पुरणपोळ्यांचा डबा काढला. पोळ्या शेजारणीच्या होत्या, वर तूप माझं. तनवीरनं डबा माझ्या हातातून घेतला आणि मशीनपासून लांब, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.